देव एकच, मग पिता, पुत्र, पवित्र आत्मा कसे? बाप्तिस्म्याच्या वर्गात नेमकं काय सांगावं

नवापूर_संडेस्कूल

सर्वांना सलाम. नवापूर तालुक्यातल्या एका मंडळीत बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग आहे. १४ ते १७ वयाची मुलं. घरी कोणी मावची बोलतं, कोणी अहिराणी, वर्ग मराठीतून चालतो. ‘देव एक आहे’ या धड्याला ४० मिनिटांच्या दोन तासिका मिळणार आहेत. अडचणी अशा:

पुस्तिकेत पाणी-बर्फ-वाफ हे उदाहरण दिलंय. ते चूक आहे असं ऐकलं. का चूक, आणि त्याजागी काय सांगायचं?

‘तुमचं त्रैक्य म्हणजे आमचा दत्तच की’ असं शेजारपाजारचे मुलांना म्हणतात. भांडण न करता खरं उत्तर काय?

‘फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा’ शिकवणारे लोक प्रेषित २:३८ दाखवतात. त्यांना काय सांगावं?

आणि मुलांचा नेहमीचा प्रश्न: येशू देव होता तर गेथशेमानेत प्रार्थना कोणाला करत होता?

फळ्यावर लिहिता येईल असं हवंय. प्रवचन नको.

---

पांझराकाठ

ताई, आधी क्रम बघा. बहुतेक ठिकाणी हा धडा ‘तीन असून एक कसा’ या कोड्यापासून सुरू होतो आणि मग दोन्ही तासिका कोडं सोडवण्यात जातात. पहिल्या तासिकेत ‘तीन’ हा आकडा तोंडातूनच काढू नका. थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकात ‘सुम्मा’ हा आपला धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिताना हाच क्रम धरला: पहिल्या भागात तिसऱ्या प्रश्नात देवाला भाग नाहीत हे, ११व्यात देव एक आहे हे, आणि त्रैक्य थेट २७व्या प्रश्नापासून. पाया घातल्याशिवाय त्यांनी भिंत उभी केली नाही.

पहिली तासिका. फळ्यावर अनुवाद ६:४. आपल्या पवित्र शास्त्रात तिथे ‘अनन्य परमेश्वर’ असा शब्द आहे. मुलांना ‘अनन्य’ फोडून दाखवा: ज्याला ‘अन्य’ नाही तो. मग यशया ४४:६ आणि ४५:५. मग मार्क १२:२९, कारण तिथे येशू स्वतः तीच अनुवादातली ओळ पहिली आज्ञा म्हणून म्हणतो. शेवटी याकोब २:१९. नव्या करारात येऊन देव एकाचे तीन झाले, असा समज असेल तर तो इथेच निघतो.

मग ‘एक’ म्हणजे काय हे तीन ओळींत लिहा:

दुसरा देव नाही.
देवाचे भाग नाहीत.
‘देव’ नावाची एखादी जात आहे आणि हा तिच्यातला एक, असं नाही.

पहिली ओळ सगळ्यांना पटते. दुसरी कोणी शिकवत नाही, आणि दुसरी तासिका तिच्यावरच उभी आहे. बैलगाडीचं उदाहरण घ्या: चाकं, धुरा, जू. भाग आधी, गाडी नंतर, आणि जोडणारा सुतार वेगळाच. देव भागांचा असता तर भाग त्याच्या आधीचे ठरले असते आणि जोडणारा त्याच्याहून मोठा. म्हणून पिता एक तृतीयांश, पुत्र एक तृतीयांश असला हिशेब पहिल्याच दिवशी बाद होतो.

दुसरी तासिका. सुरुवात यशया ४५:२३ वाचून: प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, असं परमेश्वर शपथ घेऊन सांगतो. ‘माझ्यावेगळा देव नाही’ हे जुन्या करारात सर्वांत कडकपणे सांगणाऱ्या अध्यायांपैकी हा एक. लगेच फिलिप्पै २:१०-११ उघडा. तेच गुडघे, तीच जीभ, येशूच्या नावापुढे. पौल हा यहुदी, शेमा, म्हणजे अनुवाद ६:४ ची तीच ओळ, पाठ असलेला. त्याला यात दुसरा देव दिसला नाही. मग १ करिंथ ८:६: एकच देव जो पिता, आणि एकच प्रभू येशू ख्रिस्त. शेमातले ‘देव’ आणि ‘प्रभू’ हे दोन्ही शब्द पौलाने तिथे वापरलेत, एक पित्यासाठी, एक पुत्रासाठी, आणि ‘एकच’ हा शब्द दोन्हीकडे तसाच ठेवलाय. पवित्र आत्म्यासाठी प्रेषित ५:३-४: हनन्या आत्म्याशी लबाडी बोलला, पेत्र म्हणतो देवाशी बोललास.

आता सात वाक्यं. पिता देव आहे. पुत्र देव आहे. पवित्र आत्मा देव आहे. पिता पुत्र नाही. पुत्र पवित्र आत्मा नाही. पवित्र आत्मा पिता नाही. देव एकच आहे. मंडळीच्या इतिहासातल्या या विषयावरच्या जवळजवळ सगळ्या चुका यातलं एखादं वाक्य गाळून होतात. दुसरं गाळलं की एरियस (पुत्र निर्माण केलेला असं म्हणणारा), मधली तीन गाळली की साबेलियस (तिघे एकाच जणाची रूपं असं म्हणणारा), सातवं गाळलं की तीन देव.

आकृती १३व्या शतकापासून युरोपात वापरात असलेली. त्रिकोण, टोक खाली. वरच्या दोन कोपऱ्यांत पिता, पुत्र, खाली पवित्र आत्मा, मध्ये देव. कोपऱ्यांतून मध्याकडे येणाऱ्या तीन रेघांवर ‘आहे’, बाजूंच्या तीन रेघांवर ‘नाही’. मधलं वर्तुळ मोठं काढलं की मुलांना ते चौथं कोणी तरी वाटतं: तीन जण, आणि त्यांच्या पाठीमागे ‘देव’ नावाचा आणखी एक. ही शंका जुनी आहे. योआकिम दा फिओरे यांनी पीटर लोंबार्ड यांच्यावर नेमका हाच चौथेपणाचा आरोप केला होता, आणि १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लोंबार्ड यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणून चारही वर्तुळं सारखी काढा, आणि मध्यात काय लिहिलंय ते तोंडी सांगा: तिघांपैकी प्रत्येक जो आहे ते.

---

गिरणेचा_पाट

उदाहरणांचं मी घेतो.

पाणी-बर्फ-वाफ: एकच पाणी आधी बर्फ, मग पाणी, मग वाफ. म्हणजे एकच देव आधी पिता, मग पुत्राचं रूप, मग आत्म्याचं. ३ऱ्या शतकात रोममध्ये साबेलियसच्या नावावर जी शिकवण फेटाळली गेली ती हीच. मत्तय ३:१६-१७ मध्ये पुत्र यार्देनेत उभा, आत्मा उतरतोय, पिता बोलतोय, एकाच वेळी. बर्फ वितळून पाणी झाल्यावर बर्फ कोणाशी बोलणार? विज्ञानातला हुशार मुलगा म्हणेल की ०.०१ अंश सेल्सियस आणि ६११ पास्कल दाबाला तिन्ही अवस्था एकत्र असतात. बरोबर आहे, पण तेव्हा बर्फातलं पाणी वेगळं आणि वाफेतलं वेगळं. रूपांची चूक सुटली, भागांची आली.

एकच माणूस कोणाचा बाप, कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा: तीच चूक. तो माणूस स्वतःच स्वतःचा बाप नसतो.

बेलाचं त्रिदल, अंड्याचं कवच-पांढरं-पिवळं: भाग. कवच म्हणजे अंडं नव्हे, पण पुत्र म्हणजे पूर्ण देव.

आपल्याकडे एक खास ऐकायला मिळतं, केळीचं. मुख्य झाड आणि त्याच्या बुडातून निघालेलं पिल, जात तीच, कंद तोच. ऐकायला गोड आहे. पण पिल नंतर येतं, आणि पिलबाग धरायची तर आधीचं झाड तोडतात. ‘एक वेळ होती जेव्हा तो नव्हता’ हेच एरियसचं वाक्य, आणि ३२५ साली निकयाच्या परिषदेने ते नाव घेऊन धिक्कारलं. पित्याला तोडून पुत्र वाढवायचा हे तर एरियसच्याही डोक्यात आलं नसेल.

झरा-नदी-पाट हे तर्तुलियनने सुमारे २१३ साली प्रक्सियासच्या विरोधात वापरलं. लॅटिनमध्ये ‘त्रिनितास’ हा शब्द देवाबद्दल रूढ करणारा हा माणूस, तरी हे उदाहरण खानदेशात चालत नाही, कारण इथे प्रत्येकाला पाट कसा चालतो ते ठाऊक आहे. पाटात पाणी सोडलं की नदीतलं तेवढं कमी होतं. वरच्या फडाची पाळी चालू असताना खालचा फड कोरडा. देवाचं सत्त्व पाळीने मिळत नाही, वाटून मिळत नाही. पित्यात जेवढं तेवढंच सगळं पुत्रात, तेवढंच सगळं आत्म्यात.

आणि १×१×१=१ हे कृपा करून फळ्यावर लिहू नका. १×१×१×१ सुद्धा एकच येतो. मग चौथा कोण?

---

साक्री_ग्रंथालय

मूळ भाषांमधल्या काही ‘पुराव्यां’वर विसंबू नका. कच्चे आहेत, आणि समोरचा थोडा वाचलेला असला तर मुलं उघडी पडतात.

एक, ‘एलोहीम’ अनेकवचनी आहे म्हणून उत्पत्ती १:१ मध्ये त्रैक्य. रूप अनेकवचनी आहे हे खरं, पण तिथलं क्रियापद ‘बारा’ एकवचनी. आपल्याकडे ‘साहेब आले’ म्हणताना क्रियापदही अनेकवचनात जातं. हिब्रूत ते एकवचनातच राहिलं. शिवाय १ शमुवेल ५:७ मध्ये अश्दोदचे लोक दागोनला हाच शब्द वापरतात. दागोन काही त्रैक्य नव्हता.

दोन, ‘एहाद’ म्हणजे ‘अनेक मिळून एक’, आणि निखळ एकासाठी ‘याहीद’, असं पुष्कळ प्रवचनांत सांगतात. उत्पत्ती २:२४ चा ‘एकदेह’ दाखवतात. ‘एहाद’ हा साधा संख्यावाचक एक आहे. यहेज्केल ३३:२४ मध्ये अब्राहाम ‘एकटा होता’ तिथे हाच शब्द आहे. अनुवाद ६:४ त्रैक्य शिकवत नाही. देव एकच आहे हे शिकवतं. तेवढंच पुष्कळ आहे, आणि तिथे तेवढंच वाचावं.

तीन, १ योहान ५:७ मधलं ‘स्वर्गात साक्ष देणारे तीन’. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मसने छापलेल्या ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९च्या आवृत्त्यांत घेतलं नव्हतं, १५२२ला घेतलं. ते काढल्याने सिद्धांत पडत नाही, कारण ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्रैक्याबद्दल जे ठरलं ते या ओळीवर ठरलं नव्हतं.

याउलट जे पक्कं आहे ते असं. योहान १०:३०, ‘मी आणि पिता एक आहोत’. ग्रीकमध्ये ‘एक’ साठी पुल्लिंगी ‘हेइस’ नाही, नपुंसकलिंगी ‘हेन’ आहे. पुल्लिंगी असतं तर ‘एकच जण’ असा अर्थ निघाला असता. मराठीतल्या ‘एक’ला लिंग नाही, त्यामुळे हे भाषांतरात हरवतं, पण ‘आहोत’ हे अनेकवचन शिल्लक आहे, त्याच्यावर बोट ठेवा. ‘एक’ने एरियस अडतो, ‘आहोत’ने साबेलियस.

मत्तय २८:१९. नुसतं मराठी वाचून दाखवा: ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’. ‘च्या’ तीनदा, ‘नावाने’ एकदा. ‘नावांनी’ नाही. ग्रीकमध्येही तिघांना स्वतंत्र उपपद आणि नाव एकवचनी, म्हणजे आपल्या भाषांतराने एक कणही सांडलेला नाही. काही जण घाईत ‘पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने’ असं जोडून म्हणतात. तिथे दोन ‘च्या’ गेले, आणि तीन जणांचं एक लांबलचक नाव झालं.

---

तळोदा_रोड

पांझराकाठ यांचं सगळं मान्य, पण एक शंका मुलांकडून नक्की येईल. पिता = देव, पुत्र = देव, तर पिता = पुत्र. आठवीच्या गणितात हेच शिकवलंय.

---

पांझराकाठ

येईल, आणि यायलाच हवी. सात वाक्यांतलं ‘आहे’ हे गणितातलं बरोबरचं चिन्ह नव्हे. ‘पिता देव आहे’ हे पिता ‘कोण’ याचं नव्हे, तो ‘काय’ आहे याचं उत्तर. मराठीत ‘कोण’ आणि ‘काय’ वेगळे आहेत हे आपलं नशीब, त्याचा वापर करा. फळ्याचे दोन भाग पाडा. डावीकडे ‘काय?’, त्याखाली एकच शब्द: देव. उजवीकडे ‘कोण?’, त्याखाली तीन नावं. एकाच रकान्यात तीन आणि एक लिहिले तर विसंगती. वेगळ्या रकान्यांत विसंगती नाही.

पुढची शंका: मग राम, शाम, गणपत हे तीन ‘कोण’, एकच ‘काय’, माणूस, त्यांना तीन माणसं म्हणतो, मग तीन देव का नाही? ही शंका ४थ्या शतकात न्यास्साच्या ग्रेगरीला आब्लाबियसने विचारली होती. ग्रेगरीचं उत्तर कामावरून आहे. तीन शेतकरी नांगरट करतात तेव्हा तिघांच्या तीन नांगरटी होतात. एकाने बैल सोडले तरी दुसऱ्याचं तास चालू राहतं. देवाच्या बाबतीत काम एकच: पित्यापासून निघतं, पुत्राद्वारे होतं, आत्म्यात पुरं होतं. तीन निर्मिती नाहीत, तीन तारण नाहीत, तीन इच्छा नाहीत. म्हणून मोजताना तीन देव येत नाहीत.

---

शब्द_तपासनीस

शब्दांवर चार गोष्टी.

‘व्यक्ती’. रोजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे इसम. ‘तीन व्यक्ती’ ऐकलं की मुलांच्या डोळ्यांपुढे तीन माणसं बसलेली येतात. तरी हा शब्द टाकू नका, सगळीकडे तोच चालतो. पहिल्यांदा वापराल तेव्हा मर्यादा सांगा. ऑगस्टिनने तर स्पष्ट लिहिलंय की ‘तीन काय?’ असं कोणी विचारलं की आपण ‘व्यक्ती’ म्हणतो, ते सगळं सांगून झालं म्हणून नव्हे, अगदीच गप्प बसायचं नाही म्हणून. तिघांत वेगळं काय, तर फक्त उगमाचं नातं: पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा निघणारा. (आत्मा पित्यापासून की पिता व पुत्र यांच्यापासून, यावर पूर्व आणि पश्चिम मंडळ्यांचं हजार वर्षं जुळलेलं नाही. या वर्गात ते काढू नका.) प्रेम पित्याचं, ज्ञान पुत्राचं, सामर्थ्य आत्म्याचं, अशी वाटणी चूक.

आणखी एक बारकं: ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी, ‘आत्मा’ पुल्लिंगी. ‘तिसरी व्यक्ती... ती’ म्हणता म्हणता पुढच्या वाक्यात ‘ती शक्ती’ कधी झालं ते कळत नाही. आत्म्याला शक्ती समजणं ही आपल्याकडची सर्वांत पसरलेली चूक. प्रेषित १३:२ मध्ये आत्मा ‘माझ्यासाठी’ म्हणतो. शक्ती ‘माझ्यासाठी’ म्हणत नाही, वीज कोणाला बोलावत नाही.

‘रूप’, ‘अंश’, ‘अवतार’. तिन्ही टाळा. रूप म्हटलं की साबेलियस, अंश म्हटलं की भाग, अवतार म्हटलं की येऊन गेलेला अनेकांपैकी एक. त्रैक्य हाच शब्द चांगला आहे: त्रि अधिक ऐक्य, ऐक्य शेवटी, म्हणजे विशेष्य. हिंदी गाण्यांतून ‘त्रिएक’ आलाय, तोही चालेल.

प्रार्थना. चुका पुस्तकात कमी, प्रार्थनेत जास्त. ‘हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी वधस्तंभावर मेलास’ हे वाक्य रविवारी सर्रास ऐकू येतं. पित्याने वधस्तंभ सोसला म्हणणाऱ्यांवरच तर्तुलियनने टोमणा मारला होता की प्रक्सियासने रोममध्ये सैतानाची दोन कामं केली: पवित्र आत्म्याला हाकललं आणि पित्याला क्रूसावर चढवलं. मुलांना साधा सांचा द्या: पित्याकडे, पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यात. आणि तिघांना मिळून हाक मारली तरी ‘तू’, ‘तुम्ही’ नाही. मराठीत आदरासाठी ‘तुम्ही’ म्हणायची सवय असते, पण देवाला आपण ‘तू’ म्हणतो, आणि इथे तो ‘तू’ सिद्धांत सांभाळतो.

---

नाम_एकच

दुसऱ्या बाजूने लिहितो, राग नसावा. आम्ही पिता आणि आत्मा नाकारत नाही. मत्तय २८:१९ मध्ये ‘नाव’ एकवचनी आहे हे तुम्हीच वर लिहिलंत. मग ते नाव कोणतं? प्रेषितांनी आज्ञा कशी पाळली ते बघा: प्रेषित २:३८, ८:१६, १०:४८, सगळीकडे येशू. कलस्सै २:९ म्हणतं देवत्वाची सर्व पूर्णता ख्रिस्तात मूर्तिमान वसते. आणि योहान १४:९, ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं.

---

साक्री_ग्रंथालय

राग कसला, मुद्दा नीट मांडलात. उत्तरही तेवढंच नेमकं देतो.

तुम्ही दिलेल्या तीन ठिकाणी ग्रीक शब्दयोजना तीन वेगळ्या आहेत. २:३८ ला ‘एपी’, ८:१६ ला ‘एइस’, १०:४८ ला ‘एन’. कुठे ‘येशू ख्रिस्त’, कुठे ‘प्रभू येशू’. पाण्यात उभं राहून म्हणायचं ठरलेलं वाक्य असतं तर लूक ते तीन तऱ्हांनी लिहिणार नाही. तो बाप्तिस्मा कोणाचा हे सांगतोय: योहानाचा नव्हे, येशूचा. प्रेषित १९:३-५ मध्ये हाच फरक उघड आहे. आणि दिदाखे या फार जुन्या पुस्तिकेच्या ७व्या अध्यायात पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने वाहत्या पाण्यात, तसं पाणी नसेल तर दुसऱ्या, आणि पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतून, असं लिहून ठेवलंय.

योहान १४:९ नंतर सात ओळी खाली या. १४:१६: मी पित्याला विनंती करीन, तो तुम्हांला दुसरा कैवारी देईल. विनंती करणारा, देणारा आणि ‘दुसरा’, तिघे एका वाक्यात. १४:९ मधून तिघे एकच जण असं काढलं तर १४:१६ वाचता येत नाही. कलस्सै २:९ आम्हालाही शंभर टक्के मान्य. पुत्रात पूर्ण देवत्व आहे म्हणजे पुत्र हाच पिता, हे मात्र त्यात नाही.

ताईंसाठी एक सावधगिरी. या मंडळींना सरसकट ‘साबेलियन’ म्हणू नका. ही चळवळ १९१३ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या शिबिरातल्या एका प्रवचनातून निघाली, १९१४ मध्ये तिथे पुन्हा बाप्तिस्मे सुरू झाले, आणि १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल मंडळीने त्रैक्याची बाजू लेखी घेतली तेव्हा ती वेगळी झाली. आधी पिता, मग पुत्र, मग आत्मा अशी पाळी ते मानत नाहीत, तिन्ही एकाच वेळी म्हणतात. म्हणून गिरणेचा_पाट यांचा यार्देनेचा मुद्दा त्यांच्यापुढे चालत नाही. देव सर्वत्र आहे, एकाच वेळी स्वर्गातून बोलेल आणि पाण्यात उभाही राहील, असं उत्तर तयार असतं. त्यांच्याशी बोलताना नात्यांवर या: जगाच्या उत्पत्तीपूर्वी पित्याने पुत्रावर प्रीती केली, योहान १७:२४. तेव्हा देह नव्हता, मग प्रीती कोणी कोणावर केली?

---

शब्द_तपासनीस

बाप्तिस्म्याच्या वाक्यावर पुरवणी. ‘निर्माणकर्ता, तारणारा आणि पवित्र करणारा यांच्या नावाने’ अशी नवी वाक्यंही निघाली होती. २००८ मध्ये व्हॅटिकनने तसा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं कळवलं. कारण लक्षात घेण्यासारखं आहे: ही तीन कामांची नावं, आणि तिन्ही कामं तिघांची. कामावरून नाव ठेवलं की कोण कोणाचा हे नातंच पुसलं जातं.

---

गिरणेचा_पाट

दत्ताचा प्रश्न याच मुद्द्याने सुटतो. शेजाऱ्याच्या श्रद्धेवर एक शब्द बोलायचा नाही. सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत जाणाऱ्या माणसाला एकमुखी आणि त्रिमुखी हा फरक आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतो. मुलांनी एवढंच म्हणावं: ‘ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणताना उत्पत्ती, पालन, संहार अशी कामं सांगतात ना? आमच्याकडे कामं वाटलेली नाहीत. उत्पत्तीही तिघांची, तारणही तिघांचं.’ उत्पत्ती १:१-३ आणि योहान १:३ सोबत ठेवावं. साम्य आकड्यात आहे, मांडणीत नाही. त्रिमूर्ती हा शब्द आपल्या लोकांनीही त्रैक्यासाठी वापरू नये, दोघांचाही गोंधळ होतो.

---

पांझराकाठ

गेथशेमाने राहिलं. पुत्र पित्याला प्रार्थना करत होता. सात वाक्यांतलं चौथं, पिता पुत्र नाही. पण मार्क १४:३६ मध्ये खरी अडचण पुढे आहे: ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या’. वर मी लिहिलं की देवात तीन इच्छा नाहीत, मग या दोन कुठून? इथे दुसरा सिद्धांत लागतो. ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेने सांगितलं: ख्रिस्त एक व्यक्ती, स्वभाव दोन. आणि ६८०-६८१ मध्ये तिसऱ्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ठरवलं की इच्छा स्वभावाची असते, व्यक्तीची नव्हे. म्हणून ख्रिस्तात दोन इच्छा, दैवी आणि मानवी. बागेत घाम गाळणारी इच्छा मानवी, ती दैवी इच्छेला, जी पित्याची आणि पुत्राची एकच, मान देते. मुलांसाठी एक ओळ: त्रैक्यात तीन कोण, एक काय, ख्रिस्तात एक कोण, दोन काय. ‘पिता माझ्याहून थोर’ (योहान १४:२८) आणि ‘पुत्रालाही ठाऊक नाही’ (मार्क १३:३२) हे प्रश्न या ओळीच्या आधी घेतले तर तासिका हातची जाते.

---

नवापूर_संडेस्कूल

मनापासून आभार. दोन शंका. अहिराणी बोलणाऱ्या मुलांना ‘पुत्र’ सांगताना ‘आंडोर’ म्हटलं की लगेच ‘मग माय कोण?’ येतं. आणि खाली फळ्यासाठी लिहिलंय ते तपासा:

काय? देव, एक.
कोण? पिता, पुत्र, पवित्र आत्मा.
पिता + पुत्र + पवित्र आत्मा = देव.
पुत्र पित्यापासून जन्मला, निर्माण केलेला नाही.

---

शब्द_तपासनीस

‘आंडोर’ म्हणा, घरचा शब्द आहे, त्याने नातं कळतं. पण लगेच दोन गोष्टी तोडून सांगा: यात माय नाही, आणि यात ‘आधी’ नाही. माणसाचा बाप मुलगा होईपर्यंत बाप नसतो. हा पिता कधीच पुत्राशिवाय नव्हता, नाहीतर तो कधी तरी नव्याने पिता झाला असं म्हणावं लागेल. ‘थोरला देव, धाकटा देव’ असं कोणी मनात जुळवत असेल तर तेही इथेच निघेल. अहिराणीत एक वाक्य पाठ करून घ्या: देव एकच शे.

फळ्यावरची तिसरी ओळ पुसा. अधिकचं चिन्ह आलं की तिघे भाग झाले, पहिल्या दिवसाची बैलगाडी परत आली. चौथ्या ओळीत ‘जन्मला’च्या जागी ‘सनातन काळापासून जन्मलेला’ लिहा, नाहीतर मुलं बेथलेहेमची तारीख सांगतील.

---

नवापूर_संडेस्कूल

तिसरी ओळ पुसली. तिच्या जागी ‘नावाने, नावांनी नाही’ लिहिते.